नवलाईबाई, तुमचे नऊ दिवस संपले

श्रीमती नवलाईबाई यांस,



पत्रास कारण की, तुम्ही पुन्हा येताय अशी कुणकुण लागली आहे. क्वांटम संगणकाच्या निमित्ताने अतिसंवाहक पदार्थांचं नाव परत एकदा भाषणांत आणि बातम्यांत ऐकू येऊ लागलं आहे. तुमच्या आगमनाची वर्दी नेहमी अशीच येते. भारतातल्या अतिसंवाहकांच्या संशोधनाकडे तुम्ही याआधी तीनदा वाजतगाजत आलात: १९८७ साली, २०१८ साली आणि २०२३ साली. तिन्ही वेळा पाहुणचार झोडलात आणि ताटावरून उठून गेलात. मागची खरकटी ज्यांनी काढली, त्यांच्या बाजूने हे पत्र लिहिते आहे. जाहीर लिहिते आहे, कारण तुमचे गुन्हेही जाहीर आहेत.

विषय तुम्हाला कधी समजला होता असं वाटत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. काही पदार्थ एका ठरावीक तापमानाखाली नेले की त्यांचा विजेला होणारा विरोध कमी होत नाही, पार शून्य होतो. त्यांच्या बंद वेटोळ्यात एकदा सोडलेली वीज वर्षानुवर्षं फिरत राहते. १९११ साली हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओनेसच्या प्रयोगशाळेत हे पहिल्यांदा पाऱ्यात दिसलं, ४.२ केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसला. एवढी थंडी आणायची तर द्रव हेलियम लागतो. दवाखान्यातल्या एमआरआयचं चुंबक याच गुणावर चालतं, कणत्वरकांची मोठी चुंबकं याच गुणावर चालतात, आणि उद्या संमीलनाची अणुभट्टी पेटलीच तर तीही याच्याच जोरावर पेटेल.

आता तुमचा पहिला फेरा. १९८६ साली झुरिकमध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकता दिसली. १९८७ च्या सुरुवातीला इट्रियम, बेरियम आणि तांबं यांच्या ऑक्साइडने ९३ केल्विन गाठले. सगळं जग उठून बसलं, आणि ते योग्यच होतं. ७७ केल्विनला द्रव नायट्रोजन मिळतो, आणि द्रव नायट्रोजन आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखान्यातही असतो, कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायला. महागडा हेलियम नको, तालुक्याच्या गावी मिळणारा नायट्रोजन पुरे! १८ मार्च १९८७ ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात भौतिकशास्त्रज्ञांची सभा भरली आणि पहाटेपर्यंत चालली. त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आर. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मिश्रणातला नेमका कोणता घटक अतिसंवाहक आहे ते ओळखून ‘नेचर’मध्ये छापलं. त्याच वर्षी चेन्नईच्या गणित विज्ञान संस्थेचे जी. बास्करन यांनी फिलिप अँडरसन यांच्यासोबत या पदार्थांच्या सिद्धान्तावरचा एक पायाभूत निबंध लिहिला.

याचं श्रेय तुम्ही घेऊ नका. रावांचा गट या जातीच्या ऑक्साइडवर तुमच्या येण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून काम करत होता. लँथॅनम आणि तांब्याच्या ऑक्साइडला कोणी विचारत नव्हतं तेव्हा ती मंडळी ते भाजत होती, मोजत होती, टिपून ठेवत होती. म्हणून बातमी आली तेव्हा त्यांच्याकडे भट्टी होती, पावडर होती, हात सरावलेले होते आणि डोकं तयार होतं. संधी आल्यावर तयारीला लागणारे तिथे नव्हते. तुम्ही मात्र फोटोत पुढे उभ्या राहिलात.

ती गोळी बनवायची रीत तुम्ही कधी जवळून पाहिली नसेल. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड अशा प्रमाणात तोलून घ्यायचं की धातूंचं गणित एकास दोनास तीन बसेल. मग अकीकाच्या खलात घोटत बसायचं. घाईने घोटलं तर पुढचं सगळं वाया. ती भुकटी नऊशे अंशांच्या पुढे भाजायची, काढायची, पुन्हा घोटायची, पुन्हा भाजायची. शेवटी दाबयंत्रात गोळी दाबायची आणि ऑक्सिजनच्या झोतात सावकाश, फार सावकाश, गार होऊ द्यायची. घाईने गार केली तर स्फटिकात ऑक्सिजन पुरेसा शिरत नाही आणि गोळी मरते. प्रमाण चुकलं तर भट्टीतून हिरवी गोळी निघते. काळी निघाली तर आशा धरायची, हिरवी निघाली तर पुन्हा पहिल्यापासून. १९८७ नंतर देशभरच्या कितीतरी प्रयोगशाळांनी अशा काळ्या गोळ्या केल्या आणि थर्मोकोलच्या भांड्यात नायट्रोजन ओतून त्यांवर चुंबक तरंगवून दाखवलं. केंद्र सरकारने अतिसंवाहकतेसाठी स्वतंत्र कार्यक्रम मंडळ नेमलं, प्रकल्पांना पैसे दिले. तोवर तुम्ही आमच्यात होतात.

खरं काम तिथून पुढे होतं. ही ऑक्साइडं कपबशीसारखी ठिसूळ असतात. त्यांची तार ओढता येत नाही. त्यासाठी आधी चांदीच्या नळीत भुकटी भरून ती लाटायची पद्धत आली. पुढे धातूच्या पातळ पट्टीवर एकावर एक थर चढवून सगळ्यात वर एखाद-दोन मायक्रॉन जाडीचा अतिसंवाहक थर बसवायची पद्धत आली. प्रत्येक थरातले स्फटिक एकाच दिशेला तोंड करून बसले पाहिजेत, आणि तेही पट्टीच्या सलग शेकडो मीटर लांबीवर. यावर जपान, अमेरिका, कोरिया आणि जर्मनी दोन दशकं घाम गाळत राहिले. त्या कामात बातमी नव्हती. यंदा साठ मीटर जमली, पुढल्या वर्षी नव्वद, असल्या मजकुराला पहिल्या पानावर कोण जागा देणार? तुम्हाला कंटाळा आला आणि तुम्ही निघालात. तुमच्या मागोमाग मंडळ आटलं, प्रकल्पांना मुदतवाढ मिळेना, आणि काळी गोळी विज्ञान प्रदर्शनाच्या टेबलावर येऊन थांबली. काळ्या गोळीची पट्टी करणारा जो कारखाना त्या वीस वर्षांत उभा राहायला हवा होता, तो आपल्याकडे उभा राहिला नाही. हा तुमचा पहिला आणि सगळ्यात मोठा गुन्हा.

तुम्ही चीनमध्येही गेला होतात. तिथे तुमचं फार चाललं नाही. बीजिंगच्या झाओ झोंगशियान यांच्या गटानेही १९८७ च्या फेब्रुवारीत तोच इट्रियमचा पदार्थ स्वतंत्रपणे गाठला होता. तुम्ही निघून गेल्यावरही ते त्याच बाकावर बसून राहिले. २००८ साली जपानच्या होसोनोंनी लोखंड असलेले अतिसंवाहक शोधले तेव्हा थोड्याच आठवड्यांत झाओंच्या गटाने ते ५५ केल्विनपर्यंत नेले. २०१६ सालचा चीनचा सर्वोच्च विज्ञान पुरस्कार त्यांना मिळाला. २००३ साली शीआनमध्ये अतिसंवाहक तारांची कंपनी उभी राहिली. २०२१ च्या अखेरीस शांघाय शहरात सुमारे १.२ किलोमीटर लांबीची अतिसंवाहक वीजवाहिनी चालू झाली. १९८७ च्या त्या महिन्यांत बंगळूर आणि बीजिंग एकाच रेषेवर उभे होते, हे मला फार लागतं. तुम्हाला लागत असेल असं वाटत नाही.

आता तुम्ही ज्यांच्याकडे फिरकलाच नाहीत, त्यांच्याबद्दल. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, चंदन मजुमदार आणि त्यांचे सहकारी इट्रियम, निकेल आणि बोरॉन यांच्या एका संयुगाचा अभ्यास करत होते. नमुन्यात १२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकतेची पुसटशी खूण दिसली. ती कचरा म्हणून सोडून देणं अगदी सोपं होतं, कारण निकेल हा चुंबकीय धातू आणि चुंबकत्व म्हणजे अतिसंवाहकतेचा वैरी, असंच सगळे समजत होते. त्यांनी सोडलं नाही. खोदत गेल्यावर कळलं की नमुन्यात नकळत शिरलेला कार्बन हे काम करतोय. मग मुद्दाम कार्बन घालून नमुना केला आणि पूर्ण अतिसंवाहकता मिळाली. १९९४ साली तो निबंध छापून आला आणि बोरोकार्बाइड नावाचं अतिसंवाहकांचं नवं कूळ जगाला मिळालं. याच कुळातल्या पॅलेडियमच्या संयुगाने पुढे २३ केल्विन गाठले. होल्मियम आणि अर्बियम घातलेल्या भावंडांत तर चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एकाच घरात नांदताना दिसली. जगभरच्या प्रयोगशाळांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. मुंबईत लागलेला हा शोध मुंबईतल्या किती लोकांना माहीत आहे? शाळेच्या कुठल्या पुस्तकात आहे?

त्याच संस्थेत एस. रामकृष्णन, ए. तमिळवेल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शुद्ध बिस्मथचे स्फटिक वाढवले आणि ते ०.५३ मिलिकेल्विनच्याही खाली थंड केले. निरपेक्ष शून्याच्या वर अर्धा सहस्रांश केल्विन! बिस्मथमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन इतके कमी की तो अतिसंवाहक होणं अवघड, असं प्रचलित सिद्धान्तावरून वाटत होतं. तो झाला. जानेवारी २०१७ मध्ये हा निबंध ‘सायन्स’च्या छापील अंकात आला. एवढ्या खाली जायला जी शीतयंत्रणा लागते ती दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात उभी राहत नाही. ती पिढीजात सांभाळावी लागते. गळती कुठे होते, कोणती झडप कधी हट्ट करते, कुठला आवाज ऐकला की सगळं थांबवायचं, हे तंत्रज्ञ एकमेकांना शिकवत आलेले असतात. नवलाईबाई, अशा घरात तुम्ही पाय ठेवत नाही, आणि जिथे तुम्ही पाय ठेवत नाही तिथेच काम होतं, असं आता मला वाटू लागलं आहे.

तुमचा दुसरा फेरा बंगळूरला झाला. जुलै २०१८ मध्ये दोन संशोधकांनी सोन्यात गुंफलेल्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांत २३६ केल्विनला, म्हणजे डीप फ्रीझरपेक्षा थोड्याच जास्त थंडीत, अतिसंवाहकता दिसल्याचा निबंध इंटरनेटवर खुला ठेवला. तुम्ही धावत आलात. थोड्याच दिवसांत अमेरिकेतल्या ब्रायन स्किनर यांनी दाखवून दिलं की दोन वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या मोजमापांतले आपोआप उठणारे बारीक चढउतार हुबेहूब सारखे आहेत. असे चढउतार दोनदा तेच येत नसतात. पुढच्या वर्षी जास्त मोजमापं घालून निबंध पुन्हा आला, पण बाहेरच्या प्रयोगशाळांत तो गुण स्वतंत्रपणे सिद्ध झाला नाही आणि दावा मान्य झाला नाही. विज्ञानात दावे उभे राहतात आणि पडतात, त्याला माझी हरकत नाही. हरकत तुमच्या घाईला आहे. कुणी दुसऱ्याने मोजण्याआधी तुम्ही नोबेलची भाषा सुरू केलीत, आणि दावा लटका पडल्यावर तुम्ही तोंड लपवलंत.

तिसरा फेरा तर ताजा आहे. जुलै २०२३, दक्षिण कोरिया, एलके-९९. शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा पदार्थ, खोलीच्या तापमानाला आणि साध्या हवेच्या दाबाला अतिसंवाहक असल्याचा दावा. एक काळा तुकडा चुंबकावर अर्धवट उचलला जातोय, अशी चित्रफीत फोनाफोनावर फिरली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत व्ही. पी. एस. अवाना यांच्या गटाने बोलाचालीत वेळ न घालवता तो पदार्थ बनवला, मोजला आणि ऑगस्टच्या पहिल्याच दिवसांत सांगितलं की यात अतिसंवाहकता दिसत नाही. बीजिंगच्या संशोधकांनी दाखवलं की कोरियन दाव्यात दिसलेली विजेच्या विरोधातली अचानक घसरण नमुन्यातल्या कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे होती. ते सल्फाइड शंभर अंश सेल्सियसच्या जरा वर आपली रचना बदलतं. जर्मनीत शुद्ध स्फटिक वाढवला तर तो विजेचा वाहकसुद्धा नव्हता. झालं, तुमचे नऊ दिवस संपले. खोटं आहे हे दिल्लीतल्या ज्या लोकांनी आठ-दहा दिवसांत सांगितलं, त्यांच्या भट्ट्या वर्षानुवर्षं चालू होत्या म्हणून ते सांगू शकले. तुम्ही त्यांना विचारलंत का, की तुमच्या पुढच्या वर्षीच्या खर्चाचं काय?

तुमच्या या येण्याजाण्याची किंमत काय पडली, ती एका जागी लख्ख दिसते. फ्रान्समध्ये आयटर नावाची संमीलन भट्टी उभी राहते आहे. त्यात भारत २००५ पासून भागीदार आहे. भागीदार एकूण सात. चीन, युरोप, जपान, कोरिया, रशिया आणि अमेरिका या सहांनी तिच्या प्रचंड चुंबकांसाठी अतिसंवाहक केबल बनवून दिली. सातवे आपण. आपण त्या चुंबकांना सामावून घेणारं अवाढव्य शीतपात्र दिलं, हजिऱ्याच्या कारखान्यात घडवून. ते काम अव्वल दर्जाचं आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण केबल सहांनी दिली आणि आपण दिली नाही, ही गोष्ट खरी आहे. आपल्याला येत नव्हतं म्हणून नव्हे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नायोबियम-टायटॅनियमच्या बहुतंतू तारा आणि केबल बनल्या आहेत. कुलाब्याच्या कणत्वरकात तांब्यावर शिसं चढवून केलेली अतिसंवाहक कोटरं इथेच घडली. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात नायोबियमची कोटरं बनतात. कोलकात्यात अतिसंवाहक चुंबकाचं सायक्लोट्रॉन आहे आणि गांधीनगरजवळ भाटला अतिसंवाहक चुंबकांचा टोकामाक आहे. प्रत्येकाने आपलं अवजार आपल्यापुरतं घडवलं. ही कला प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर काढून वर्षाकाठी टनावारी तार काढणारा कारखाना करायला जो पंधरा-वीस वर्षांचा धीर लागतो, तो तुम्ही कुणाला धरू दिला नाहीत.

हे फक्त अणुभट्टीपुरतं नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयात एमआरआय का नाही, असेल तर बंद का, रांग महिन्याची का, याचं एक उत्तर इथेच आहे. ही यंत्रं बहुतेक सगळी परदेशातून येतात. त्यांच्या चुंबकाची तार परदेशी, नेहमीच्या यंत्रात लागणारा हजार-दीड हजार लिटर द्रव हेलियमही परदेशी. मुंबईच्या समीर या संस्थेच्या पुढाकाराने आणि दिल्लीच्या त्वरक केंद्राच्या मदतीने दीड टेस्लाचं देशी एमआरआय बनवण्याचं काम चाललं आहे. ते तडीला गेलं तर गावाकडच्या रुग्णाला त्याचा फायदा होईल. कृपा करून तुम्ही त्या बाजूला जाऊ नका.

हेलियमवरून आठवलं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली आपल्या विजयदुर्गावरून गुंटूरपर्यंत गेली. गुंटूरला जान्सेनने सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपला. पुढे ऑक्टोबरमध्ये लॉकियरने इंग्लंडमध्ये त्या वर्णपटातली एक पिवळी रेषा पाहिली आणि त्यातून हेलियमचं नाव आलं. विजयदुर्गावर साहेबांचा कट्टा दाखवतात आणि १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. चांगलं आहे, मुलांनी यावं, ऐकावं. पण त्याच राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांत द्रव हेलियम तयार करायची सोय नाही. मोठ्या संस्थांत यंत्र असतं. तिथे उकळून उडालेला वायू नळ्यांतून परत पिशवीत घेतात, दाबून सिलिंडरात भरतात आणि पुन्हा द्रव करतात. जिथे ही सोय नाही तिथे वायू छतातून आकाशात जातो आणि पृथ्वीवर परत येत नाही. देशाची गरज जवळजवळ पूर्ण आयातीवर भागते. २०१७ च्या जूनमध्ये कतारची नाकेबंदी झाली आणि तिथले हेलियमचे प्रकल्प थांबले, तेव्हा ही टांगती तलवार सगळ्यांना दिसली. बंगालमध्ये बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांतून निघणाऱ्या वायूत एक-दोन टक्के हेलियम सापडतो आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी तो चिकाटीने जमवला, पण तेवढ्याने देशाची भूक भागत नाही.

याचा चटका कुणाला बसतो ते सांगते. एका विद्यापीठातली संशोधक मुलगी मला माहीत आहे. तिने कथिलाच्या वितळलेल्या रसात तीन आठवडे सावकाश गार करून स्फटिक वाढवला. जेमतेम दोन मिलिमीटरचा, आरशासारखा चकचकीत. सूक्ष्मदर्शकाखाली श्वास रोखून त्यावर केसाहून बारीक चार सोन्याच्या तारा चांदीच्या लेपाने चिकटवल्या. दोन तारांतून वीज सोडायची, दोन तारांवर दाब मोजायचा. एवढं झाल्यावर मोजायला थंडीच नाही. मग ती इंदूरला विद्यापीठांसाठी असलेल्या सामाईक केंद्रात अर्ज करते, पाळीची वाट बघते आणि डबी छातीशी धरून रात्रीच्या गाडीत बसते. इंदूरचं ते केंद्र आहे म्हणून तिच्यासारखी शेकडो मुलं तरली आहेत. प्रवासात एक तार सुटली तर मात्र पाळी जाते आणि पुढची कधी ते सांगता येत नाही. तिची शिष्यवृत्ती २०२३ च्या वाढीनंतर महिना ३७ हजार रुपये आहे, आणि ती महिन्याच्या महिन्याला हातात पडेलच असं नाही. तिच्या मार्गदर्शकांचा प्रकल्प तीन वर्षांचा. त्यातलं पहिलं वर्ष यंत्राच्या निविदेत गेलं. २०२२ च्या जुलैत संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची ५ टक्के जीएसटीची सवलत गेली आणि दर १८ टक्क्यांवर गेला, तेव्हा मंजूर रकमेत बसणारं यंत्र बसेनासं झालं. जून २०२५ मध्ये खरेदीचे नियम सैल करून संचालक आणि कुलगुरूंना जास्त अधिकार दिले, हे योग्य पाऊल आहे. पण ज्यांची उमेदीची वर्षं फायलीत गेली त्यांना ती कोणी परत देणार नाही.

आणि आता तुम्ही चौथ्यांदा यायच्या तयारीत आहात. २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर झाली, सहा हजार कोटी रुपयांची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेने सहा क्यूबिटचा अतिसंवाहक प्रक्रियक चालवून दाखवला. हे मनापासून कौतुकाचं आहे. पण क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा मूळ घटक, हा शेवटी पदार्थच असतो. २०२१ साली प्रिन्स्टनच्या गटाने नायोबियम काढून नीलमण्यावर टँटॅलमचा थर चढवला आणि क्यूबिटचं आयुष्य ०.३ मिलिसेकंदांपर्यंत वाढलं. गणित तेच, फक्त धातू बदलला. त्या धातूच्या पृष्ठभागावरचा गंज कसा आहे, थरातले कण केवढे आहेत, हे बघणारी माणसं म्हणजे आमची भट्टीवाली माणसं. क्यूबिटची संख्या छापणं सोपं आहे, म्हणून तुम्ही तेवढीच छापणार. सहाचे पन्नास कधी, पन्नासाचे हजार कधी, असं विचारत बसणार, आणि आकडा लांबला की निघून जाणार.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही, असं मी तुम्हाला स्पष्ट सांगते. या कामाला काय लागतं ते आम्हाला माहीत आहे. प्रत्येक मोठ्या विद्यापीठात हेलियम परत धरायची सोय, आणि ती चालवायला कायम नोकरीतला माणूस; निवृत्त झालेल्या तंत्रज्ञाची जागा गोठवायची नाही. स्फटिक वाढवणाऱ्याला, काच फुंकणाऱ्याला, निबंधाच्या संख्येवर न मोजता बढती. तुर्भ्याची तारेची विद्या ज्याला कारखान्यात न्यायची आहे त्याला पंधरा वर्षांची हमी, आणि देशी एमआरआयसाठी ती तार विकत घ्यायची सरकारची लेखी तयारी. दहा वर्षं काहीही न सापडता पदार्थ भाजत बसायची मुभा. मॅग्नेशियम डायबोराइडची भुकटी रसायनांच्या दुकानांत कित्येक दशकं विकली जात होती. २००१ साली जपानमध्ये अकिमित्सूंनी ती थंड करून मोजली आणि ती ३९ केल्विनला अतिसंवाहक निघाली. कुणीतरी उगीच मोजून बघायला मोकळा होता म्हणून ते कळलं. आपल्या देशाचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ साली सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. एवढ्या पैशात उगीच मोजून बघायला मोकळी माणसं फार राहत नाहीत, म्हणून जी आहेत ती तरी तुमच्या लहरीवर सोडायची नाहीत.

तुम्हाला सांगायचं ते संपलं. आता दोन शब्द वाचकांना. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास मुंबई-पुण्याच्या काही प्रयोगशाळा सगळ्यांसाठी उघड्या असतात. मुलांना घेऊन जरूर जा. काळ्या गोळीवर तरंगणारं चुंबक दाखवतील, ते बघा. मग दाखवणाऱ्याला विचारा: ही गोळी इथे कोण भाजतं? तुमचा हेलियम कुठून येतो आणि उडून गेलेला परत धरता का? हे यंत्र सांभाळणारा माणूस कायम आहे की कंत्राटी? तुमचा प्रकल्प कधी संपतो आणि पुढे काय? मिळालेली उत्तरं लिहून आपल्या खासदाराला पाठवा आणि अर्थसंकल्पी अधिवेशनात हेच प्रश्न विचारायला सांगा.